मुठेला जपानचे पैसे: मदत, कर्ज, का उपकाराची फेड?

नदीकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही वारज्यात राहतो. सकाळी नदीच्या बाजूने चक्कर मारायची सवय आहे. नदी म्हणायचं म्हणून म्हणायचं, पाऊस सरला की तिच्यातून वाहतं ते सगळं आपल्याच घरांतून आलेलं असतं आणि एप्रिल-मेमध्ये तर नाकाला ओढणी लावूनच चालावं लागतं. तर तिकडे मैलापाणी केंद्राच्या कामाचा विषय निघाला की चालायला येणारे सगळे "ते जायकाचं काम" असं म्हणतात. मी इतके दिवस समजत होते की जायका हे कॉन्ट्रॅक्टरचं नाव आहे. परवा सासरे म्हणाले, अगं ती जपान सरकारची संस्था आहे, जपान आपली नदी फुकट साफ करून देतंय. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड दाखवला: युद्धानंतर एका बंगाली न्यायमूर्तींनी जपानची बाजू घेतली, त्या उपकाराची फेड म्हणून जपान अजून आपल्याला पैसे देतंय, दिल्ली मेट्रो दिली, पुणे मेट्रो दिली, बुलेट ट्रेन देतंय आणि आता मुळा-मुठा. खाली हात जोडलेले आणि जपानचा झेंडा.

मला हे जरा जास्तच गोड वाटलं. पंचाहत्तर वर्षं कोण कोणाला असं फुकट देतं, आमच्याकडे तर भाऊबीजेच्या ओवाळणीचासुद्धा पुढच्या वर्षी हिशेब निघतो. तर हे पैसे फुकट आहेत का कर्ज आहे, कर्ज असेल तर ते फेडणार कोण, आम्ही घरपट्टीतून का, आणि जपानला आपल्या गटाराच्या पाण्यात एवढा इंटरेस्ट का, हे कोणी नीट सांगेल का? घरात वाद चालू आहे आणि मुलगा दहावीला आहे, तोही दोन्हीकडून तेल ओततोय.

आगाऊ_कार्टं

मी चौथीपर्यंत जायका हे हॉटेल समजायचो. पेपरात "जायकाला मुदतवाढ" वाचून वाटायचं हॉटेल रात्री उशिरापर्यंत चालू ठेवणार असतील.

बाकी जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

हिशेबनीस

ताई, तुमची शंका रास्त आहे. आयुष्य बँकेत गेलं त्यामुळे पैशाचं तेवढं सांगतो, इतिहासाचं इथले पेठकर सांगतील, ते वाटच बघत असणार.

फुकट नाही, कर्जच आहे, पण असं कर्ज की मी माझ्या उभ्या नोकरीत असला दर कुणाला दिला नाही. करार झाला जानेवारी २०१६ मध्ये. रक्कम १९.०६४ अब्ज येन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण १,००० कोटी रुपये. व्याज ०.३० टक्के. हो, शून्य दशांश तीन, मी चष्मा पुसून दोनदा वाचलं होतं. मुदत ४० वर्षं आणि त्यातली पहिली १० वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही.

आता गंमत बघा. १,००० कोटींवर ०.३० टक्के म्हणजे वर्षाला ३ कोटी व्याज. हेच आपल्या होमलोनच्या दराने, साडेआठ टक्के धरा, घेतलं असतं तर वर्षाला ८५ कोटी नुसतं व्याज. हा जो मधला फरक आहे ना, त्याला मदत म्हणायचं. मदत रोख हातात येत नाही, ती न भरलेल्या व्याजात असते. आपला एखादा काका "घे रे, सावकाश दे, व्याजाचं नंतर बघू" म्हणतो, त्यातला प्रकार, फक्त हा काका सगळं लेखी घेतो.

फेडणार कोण? कर्ज घेतलंय भारत सरकारने. पुणे महापालिकेला ते केंद्राकडून अनुदान म्हणून मिळतं. मूळ मंजुरी ९९०.२६ कोटींची होती, त्यात केंद्राचा वाटा ८५ टक्के आणि महापालिकेचा १५ टक्के, म्हणजे साधारण १४८ कोटी. त्यामुळे या कर्जाचा हप्ता तुमच्या घरपट्टीतून थेट जात नाही, जातो तो सगळ्या देशाच्या खिशातून, बिहारमधला माणूसही आपल्या मुठेचं व्याज भरतोय असं म्हणा हवं तर. पण तो १५ टक्के वाटा आणि केंद्रं उभी राहिल्यावर ती रोज चालवायचा खर्च, वीजबिल, माणसं, तो आपलाच. त्याला कुठलाही काका नाही.

आणि एक सांगून ठेवतो, फॉरवर्डमधली पुणे मेट्रो खोडून टाका. तिचं परदेशी कर्ज युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकास संस्थेचं आहे, जपानचा संबंध नाही. मुंबईची भुयारी मेट्रो तीन आणि अटल सेतू, हे दोन मात्र जायकाचे.

निंबोळी

हिशेबनीस काका, कर्ज येनमध्ये आहे ना? मग ४० वर्षांत येन महाग झाला तर सगळा स्वस्तपणा गेला उडत. आमच्या कंपनीत एकाने परदेशी चलनात कर्ज घेऊन हात पोळून घेतलेत म्हणून विचारतेय.

हिशेबनीस

अगदी बरोबर पकडलंत. हे घडलेलंही आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बड्या देशांचा करार झाला आणि येन असा वर गेला की डॉलरला २४० च्या आसपास मिळणारा येन १९८७ संपता संपता १२० वर आला. ज्या देशांनी त्याआधी येनमध्ये कर्जं घेतली होती त्यांचं मुद्दल डॉलरमध्ये मोजलं तर बसल्या जागी दुप्पट. व्याज कमी म्हणून खूश झालेले लोक, मुद्दलाने मारलं.

आपल्या या कर्जात आत्तापर्यंत तरी तसं नाही. २०१६ ला शंभर येनला साठच्या आतबाहेर रुपये पडत होते आणि २०२४ मध्ये पंचावन्नच्या आसपास, कारण रुपया घसरला तसा येनही घसरला, दोघं हातात हात घालून जिना उतरले. पण अजून तीस वर्षं जायची आहेत. जोखीम केंद्र सरकारची आहे, महापालिकेची नाही, एवढं समाधान.

पेठकर_१९५८

वाट बघत नव्हतो, जेवत होतो. आता लिहितो, मोठं होईल, कंटाळा आला तर खाली उतरा.

आधी त्या न्यायमूर्तींचं. राधाबिनोद पाल. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात ११ न्यायाधीश होते, त्यातल्या पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला, १९४८ ची गोष्ट. पण जपानी सैन्याने काही केलंच नाही असं ते म्हणत नव्हते, अत्याचार झाल्याचं त्यांना मान्यच होतं. जिंकलेल्यांनी नंतर कायदा करून हरलेल्यांवर मागच्या तारखेने लावायचा, हे त्यांना पटत नव्हतं. तो एका न्यायाधीशाचा निकाल होता, भारत सरकारचं धोरण नव्हे. जपानमध्ये त्यांचं मोठं नाव आहे, स्मारक आहे, आणि २००७ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे कोलकात्यात त्यांच्या मुलाला मुद्दाम भेटायला गेले होते, हे सगळं खरं. पण त्यासाठी कोणी ४० वर्षांचं कर्ज देत नसतं. उपकाराची फेड फुलं देऊन होते, येनने नाही.

मला विचाराल तर खरी सुरुवात हत्तीपासून होते. युद्धात बॉम्ब पडून पिंजरे मोडले तर जनावरं शहरात सुटतील या भीतीने १९४३ मध्ये टोकियोच्या उएनो प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांना मारून टाकलं, हत्तींना तर उपाशी ठेवून मारलं. युद्धानंतर तिथल्या मुलांनी आम्हाला हत्ती बघायचाय म्हणून पत्रं लिहिली आणि १९४९ मध्ये नेहरूंनी एक हत्तीण पाठवली, नाव इंदिरा. हो, मुलीचंच नाव. ती १९८३ पर्यंत जगली. ज्या देशाशी तेव्हा आपला शांतता करारही झाला नव्हता त्या देशाला आपण हत्ती दिला होता, हे लक्षात घ्या. म्हणजे देण्याघेण्यात पहिलं देणं आपलं आहे.

पुढे १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोला जपानशी शांतता करार करायला सगळे जमले, भारत गेला नाही. आपण वेगळा करार केला, ९ जून १९५२ ला, आणि त्यात युद्धाची नुकसानभरपाई मागणार नाही असं लिहून दिलं. बाकीचे आशियाई देश भरपाई मागत होते तेव्हा. राजनैतिक संबंध त्याच वर्षी २८ एप्रिलला सुरू झाले होते. मग १९५७. मे महिन्यात जपानचे पंतप्रधान नोबुसुके किशी भारतात आले, जपानचा पंतप्रधान इकडे येण्याची ती पहिलीच वेळ, ऑक्टोबरमध्ये नेहरू तिकडे गेले, आणि १९५८ मध्ये जपानने आपल्याला १८ अब्ज येनचं कर्ज दिलं. जपानने जगात कुणालाही दिलेलं हे पहिलं येन कर्ज. माझ्या आयडीतला आकडा त्यावरूनच आहे, जन्मसाल नाही, मागे एकाने काका काका केलं म्हणून सांगतोय.

आता यात सौजन्य किती आणि व्यवहार किती? आपली दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती आणि परकीय चलनाचा खडखडाट झाला होता. जपानला यंत्रं विकायला गिऱ्हाईक हवं होतं. गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत तर दुकानदारानेच उधार दिले, साधा हिशोब. आणि मजा म्हणजे तेव्हा जपान स्वतः जागतिक बँकेचा कर्जदार होता! ज्या शिंकान्सेनचं, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनचं, आपण एवढं कौतुक करतो त्या पहिल्या टोकियो-ओसाका लाइनला १९६१ मध्ये जागतिक बँकेचं ८ कोटी डॉलर कर्ज होतं, आणि जपानने जागतिक बँकेचा शेवटचा हप्ता फेडला १९९० मध्ये. म्हणजे एका हाताने घेत होता आणि दुसऱ्या हाताने देत होता.

आणि हो, किशी हे आबेंचे आजोबा, आईकडून. आजोबा १९५७ ला आले, नातवाने सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादला बुलेट ट्रेनचा नारळ फोडला.

आगाऊ_कार्टं

हत्ती देऊन मेट्रो घेतली. भारताचा आजवरचा बेस्ट एक्स्चेंज ऑफर.

डहाणूकर_

पेठकर, नारळ फोडला हे खरं पण नारळ कुणाच्या अंगणात फोडला तेही लिहा की. माझं आजोळ डहाणूकडचं. बुलेट ट्रेनचे आकडे छान आहेत, ५०८ किलोमीटर, सुरुवातीचा खर्च १ लाख ८ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, ५० वर्षं मुदत, १५ वर्षं हप्ता नाही. ऐकलं की वाटतं फुकटच आहे घ्या. पण आमच्या पालघर जिल्ह्यात वाड्या-पाड्यांतल्या लोकांना त्या ०.१ टक्क्याचं काय? त्यांच्या चिकूच्या झाडाचा हिशेब त्या कर्जाच्या कागदावर नसतो. मामाच्या गावात मोजणीवाले आले की बायका रस्त्यात बसायच्या, हे मी बघितलंय.

आणि स्वस्त कर्जाला दोरी असते. जपानच्या काही कर्जांत अट असते की मुख्य कंत्राटदार जपानी हवा आणि किमान ३० टक्के माल-सेवा जपानची घ्यायची. स्टेप म्हणतात त्याला. आपला पश्चिमेचा मालगाड्यांचा कॉरिडॉर, दादरी ते जेएनपीटी, तो त्या अटीवर झालाय. म्हणजे व्याजात सोडलेले पैसे सामानात वसूल. डी-मार्टमध्ये साखर स्वस्त असते तसं.

दुभाषीण

मी जपानी-मराठी-इंग्रजी दुभाषी म्हणून काम करते, वीस वर्षं होत आली, बहुतेक काम चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत. या धाग्यावर न राहवून लिहितेय.

जपानीत या कर्जाला "एनशाक्कान" म्हणतात. एन म्हणजे येन, शाक्कान म्हणजे सरकारा-सरकारांमधलं कर्ज. शब्दातच कर्ज आहे, त्यांनी काही लपवलेलं नाही. त्याचं "जपानची मदत" असं मराठी आपण केलंय. फुकट द्यायचं असेल तर त्याला वेगळा शब्द आहे आणि तसंही ते देतात, म्हणजे वाराणसीचं रुद्राक्ष कन्व्हेन्शन सेंटर हे खरंच अनुदानातून झालंय, ते परत करायचं नाही. पण भारताच्या बाबतीत कर्जाच्या मानाने अनुदान अगदी थोडं.

दुसरा शब्द सांगते, "योसेइ-शुगी". मागितल्याशिवाय द्यायचं नाही, असं त्याचं पुणेरी भाषांतर मी करीन. त्यांच्या मदतीचं हे जुनं धोरण आहे, घेणाऱ्या देशाने विनंती करायची, मग ते तपासणार. तेव्हा जपानला मुठेच्या पाण्यात इंटरेस्ट का, याचं अर्धं उत्तर हे की टोकियोत कुणी सकाळी उठून मुठा नदी ठरवली नाही, दिल्लीहून यादी गेली त्यात ती होती.

आता एक माझा किस्सा. सुरुवातीची वर्षं, एका कंपनीत (नाव नको) मीटिंग. आपल्या साहेबांनी विचारलं पुढच्या महिन्यात मशीन मिळेल ना? जपानी साहेबांनी मान तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली, स्सस्स असा आवाज येतो तो, आणि म्हणाले "चोत्तो मुझुकाशीइ देस ने". शब्दशः अर्थ, जरा अवघड आहे. मी प्रामाणिकपणे तेवढंच सांगितलं, "जरा अवघड आहे म्हणतायत". आपले साहेब खूश! कारण आपल्याकडे जरा अवघड आहे म्हणजे काम होणार, एक चहा पाजा आणि दोनदा फोन करा. दोन महिने इकडचे लोक वाट बघत बसले. जपानीत जरा अवघड आहे म्हणजे नाही. संपलं. त्यानंतर मी हवा ओढल्याचा आवाज आला की सरळ "नाही म्हणतायत" असं सांगते.

हे अशासाठी लिहिलं की दोन देशांच्या करारातसुद्धा हेच होतं. आपल्याला वाटतं त्यांनी हो म्हटलंय, त्यांना वाटतं आपण तारीख दिलीय. तारीख हा प्रकार ते फार मनावर घेतात. दिल्ली मेट्रोचं पहिलं कर्ज १९९७ चं, पहिल्या टप्प्याचे साधारण ६० टक्के पैसे त्यांचे, आणि डिसेंबर २००२ मध्ये पहिली गाडी शाहदरा ते तीस हजारी धावलीसुद्धा. आमच्या क्षेत्रातले जुने लोक सांगतात की पैशापेक्षा त्या साइटवर प्रत्येक मजुराच्या डोक्यावर हेल्मेट दिसायला लागलं ही मोठी गोष्ट होती, तोवर साइटवर हेल्मेट साहेबांच्या फोटोपुरतं असायचं.

@डहाणूकर_, तुमची स्टेपची माहिती बरोबर आहे, पण सगळी कर्जं तशी नसतात, बऱ्याच कर्जांत कुणाकडूनही माल घ्यायची मुभा असते.

निंबोळी

दुभाषीणताई, किस्सा आवडला, आमच्याकडे "बघतो" म्हणजेही नाहीच असतं, फक्त हवा ओढत नाहीत.

मला मुळा-मुठेबद्दल एक गोंधळ दूर करायचाय कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज होतो. जायकाचा प्रकल्प म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आणि त्यांना लागणाऱ्या ड्रेनेज लाइन. ११ केंद्रं, मिळून ३९६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर. बाणेर, खराडी, मुंढवा, वारजे, धानोरी, बॉटनिकल गार्डन वगैरे. आणि नदीकाठ सुशोभीकरण, ते बंडगार्डनला दगडी पायऱ्या-बियऱ्या दिसतात ते, तो ४४ किलोमीटरचा रिव्हरफ्रंट, तो वेगळा प्रकल्प आहे, त्याला जपानचे पैसे नाहीत. झाडांवरून भांडण चालू आहे ते त्या दुसऱ्यावरून. आमच्या ग्रुपवर लोक झाडांसाठी जपानच्या नावाने बोटं मोडत होते, बिचाऱ्यांना उचक्या लागत असतील.

आणि खरा राग कशाचा येतो सांगू? जायकाची मंजुरी मिळाली तेव्हा जानेवारी २०२२ पर्यंत काम पूर्ण असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ६ मार्च २०२२ ला पंतप्रधान मेट्रोच्या उद्घाटनाला आले तेव्हा याची पायाभरणी झाली. म्हणजे संपायच्या तारखेनंतर सुरुवात. तोपर्यंत खर्चाचा आकडा ९९० वरून १,४७० कोटींच्या वर गेलेला. तेव्हा हिशेबनीस काका, तुमच्या त्या वाचलेल्या व्याजाचं काय झालं ते तुम्हीच काढा आता.

हिशेबनीस

काढलं. ४८० कोटींचा फरक म्हणजे ३ कोटीच्या हिशेबाने १६० वर्षांचं व्याज.

तुम्ही मला निरुत्तर केलंत हे मान्य. स्वस्त कर्ज घेऊन टेंडरच्या फायली फिरवत बसलं की ते कर्ज स्वस्त राहत नाही, हे आम्ही बँकेत रोज बघायचो, माणूस दर कमी मिळाला म्हणून पेढे वाटायचा आणि बांधकाम चार वर्षं रखडवायचा.

आणखी एक. शहरातल्या जुन्या केंद्रांची तेव्हाची क्षमता ४७७ एमएलडी, त्यात हे ३९६, मिळून ८७३. हा आकडा २०२७ सालच्या मैलापाण्याचा अंदाज धरून काढलाय. तो अंदाज केला त्यानंतर पालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. त्या गावांत टॉवर किती झालेत हे तुम्ही बघतच आहात.

पेठकर_१९५८

निंबोळी, मान्य. पण हे जपानचं देणं बिनाअटीचं आणि कायमचं नसतं याचंही उदाहरण आहे, ते राहिलं. मे १९९८ ला पोखरण झालं आणि जपानने अनुदान आणि नवी येन कर्जं बंद केली. अणुबॉम्ब झेललेला एकच देश आहे जगात, त्यांचा राग समजण्यासारखा होता. चालू कामांचे पैसे थांबवले नाहीत म्हणून दिल्ली मेट्रो वाचली, तिचा करार वर्षभर आधी झाला होता. २००० मध्ये योशिरो मोरी आले, २००१ च्या ऑक्टोबरात बंदी उठली, आणि मग गाडी अशी सुटली की २००३-०४ पासून जपानच्या येन कर्जाचा सगळ्यात मोठा घेणेकरी भारतच. घेणेकरी का देणेकरी? हिशेबनीस, दुरुस्त करा.

२००३ चीच दुसरी गोष्ट, त्या वर्षी जसवंतसिंहांनी बजेटमध्ये सांगितलं की छोट्या देशांची मदत आता घेणार नाही, तुमचे पैसे आमच्यापेक्षा गरजूंना द्या. मोजके पाहुणे ठेवले, त्यात जपान होता. म्हणजे नको म्हणायची ऐपत आल्यावरही जपानला आपण नको म्हटलं नाही.

इतके का देतात, तर चीन हे एक कारण आहेच, ते कुणी मोठ्याने बोलत नाही एवढंच. शेजारी श्रीलंकेत हंबनटोटा बंदराच्या पहिल्या कर्जाला चीनचा दर सहा टक्क्यांच्या वर होता आणि २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या लीजवर गेलं. जपानने ०.३ ने दिलं तेव्हा तो नुसता आकडा नव्हता, आमच्याकडे या असा बोर्ड होता. शिवाय त्यांच्याकडे म्हातारे लोक, बँकेत पडलेला पैसा, आणि तेव्हा घरात जवळजवळ शून्य व्याज. पैसा कुठेतरी लावायचाच.

हिशेबनीस

देणेकरी आपण. घेणेकरी जपान. पेठेत उधारीची वही असायची तेव्हा असा घोळ होत नव्हता.

कर्वेनगरची_आजी

मुलांनो, सगळं वाचलं, छान लिहिताय. पैशाचंच चाललंय म्हणून एक आठवण करून देते. अण्णासाहेब कर्व्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कोणीतरी धाडली होती, ती वाचून त्यांनी १९१६ साली हिंगण्याला मुलींचं विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. एका पुस्तिकेची किंमत काय असेल? त्याला ना व्याज ना टेंडर. मी त्याच संस्थेत शिकले आणि तिथेच शिकवलं.

आणि २०११ ला जपानमध्ये सुनामी आली तेव्हा आपले ४६ जवान गेले होते, एनडीआरएफ या आपत्ती निवारण दलाचे, ओनागावा नावाच्या गावात चिखलातून माणसं शोधत होते. परदेशात जायची त्यांची ती पहिलीच वेळ. आपण नेहमी घेतोच असं नाही.

नदीकाठची

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे मनापासून आभार. पेठकर, तुम्हाला मनात काका म्हणत होते, आता पेठकरच म्हणते.

संध्याकाळी सासऱ्यांना वाचून दाखवलं. पाल यांचं ऐकून ते थोडे हिरमुसले, पण हत्तीवर इतके खूश झाले की आता तोच फॉरवर्ड तयार करायला बसलेत, मी सांगितलंय की इंदिरा १९८३ पर्यंत जगली एवढंच लिहा, पुढे तिने जपानला आशीर्वाद दिला वगैरे आपल्या मनाचं घालू नका. ४८० कोटीवाला हिशोब ऐकल्यावर मात्र ते गप्प झाले आणि म्हणाले यात जपानचा काय दोष.

आज सकाळी त्या केंद्रापाशी मुद्दाम थांबले. आत काम चालू होतं, दोन मजूर पाइपवर बसून डबा खात होते, डोक्यावर हेल्मेट होतं. दुभाषीणताई, तुमची आठवण झाली. नदीला वास होताच.

आता खरा प्रश्न, मुलगा म्हणतोय दहावीनंतर जपानी शिकतो. घरच्या वादातून काहीतरी बरं निघालं. कितपत अवघड आहे?

दुभाषीण

चोत्तो मुझुकाशीइ :)

गंमत केली. शिकू दे त्याला. आधी एन-फाइव्हची, म्हणजे जपानी भाषेची सगळ्यात पहिल्या पायरीची परीक्षा, वर्षातून दोनदा असते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्यात सेंटर आहे. फॉर्म लवकर भरावा लागतो, शेवटच्या दिवशी साइट झोपते. क्लासआधी एखाद्या रविवारी त्याला सिंहगड रोडच्या पुलं उद्यानात घेऊन जा, पुणे-ओकायामा मैत्रीची बाग आहे ती, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली. तिथे दर दोन मिनिटांनी कुणीतरी प्री-वेडिंगचं शूटिंग करत असतं तेवढं सहन करा, पण तळ्याच्या कडेचे दगड कसे लावलेत ते बघायला सांगा. ते बघून कंटाळला नाही तर कांजी, म्हणजे त्यांची ती चित्रासारखी अक्षरं, पण शिकेल.

आगाऊ_कार्टं

आणि बाहेर आलं की समोर भेळ. तो खरा जायका.